हातचे काम : मातीखालचा जोड



मृगाचा पाऊस सुरू झाला की आपल्या वस्त्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. कुठे नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, कुठे लोखंडी फाटकात करंट उतरतो. वायरमन येतो, बोर्ड उघडतो, पंखा पाहतो, पण दोष सापडत नाही. दोन दिवस ऊन पडले की करंट आपोआप जातो आणि घरचेही विसरतात. दोष मात्र गेलेला नसतो. बहुतेक वेळा तो अंगणात मातीखाली, केबलच्या जोडात असतो.

आमच्याच गल्लीतली गोष्ट सांगतो. एका घराने अंगणात दिवा लावला. केबल कमी पडली म्हणून मध्ये तुकडा जोडला. तारांना पीळ दिला, काळी टेप गुंडाळली, वर दुधाची पिशवी बांधली आणि फाटकाच्या खांबाजवळ वीतभर खड्ड्यात पुरले. उन्हाळाभर दिवा छान चालला. आषाढात शाळेतून आलेल्या मुलीने ओले फाटक धरले आणि ती बाजूला फेकली गेली. पायात रबरी चप्पल होती, म्हणून वाचली. खणून पाहिले तर पिशवीत पाणी साचलेले, टेप सुटलेली, तांबे हिरवे पडलेले. फ्यूज मात्र शाबूत!

फ्यूज का उडाला नाही, हे घरातील प्रत्येकाने समजून घ्यावे. पाच अँपिअरचा फ्यूज पाचापेक्षा बराच जास्त प्रवाह गेल्यावरच वितळतो. माणसाच्या छातीतून ०.१ अँपिअर एवढा प्रवाह क्षण-दोन क्षण गेला तरी हृदय बंद पडू शकते. म्हणजे फ्यूज वायरीला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवण्यासाठी वेगळे यंत्र असते, त्याला आरसीसीबी म्हणतात. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचे, म्हणजे ०.०३ अँपिअरचे घ्यावे. तेवढी गळती झाली की ते वीज तोडते. अंगणात दिवा किंवा पंप असेल तर हा खर्च टाळू नये.

आता पाणी शिरते कसे ते पाहू. काळी टेप तारेवर आच्छादन देते, पण ती पाणी अडवण्यासाठी केलेली नाही. उष्णतेने तिचा चिकटा सुटतो आणि वेढ्यावेढ्यातून पाणी दिव्याच्या वातीसारखे आत चढते. दिवा चालू असताना जोड गरम होतो व आतली हवा फुगते. बंद झाल्यावर गार होऊन ती आकसते आणि बाहेरची ओल आत ओढते. वर पिशवी बांधली तर आत आलेले पाणी बाहेर पडत नाही. त्यात आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पुरलेल्या केबलला ताण देते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला. अशा पुराचे पाणी ज्या अंगणात शिरते, तिथे कच्चा जोड टिकणे शक्यच नाही.

म्हणून पहिला नियम असा, की जमिनीत जोड करूच नये. मोजून अखंड केबल घ्यावी. जोड टाळताच येत नसेल तर तो जमिनीवर आणून भिंतीवरच्या बंद पेटीत करावा आणि केबल पेटीत खालच्या बाजूने न्यावी, म्हणजे पाणी केबलवरून ओघळून आत जाणार नाही.

जमिनीत किंवा बोअरमध्ये जोड करावाच लागला तर तो असा करावा. मेन बंद करून फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. तीन फेजचा पंप असेल तर तिन्ही काढावेत. वीज खरोखर गेली आहे याची खात्री टेस्ट लॅम्पने करून घ्यावी. मग आवरण सोलून, दोन्ही बाजूंचे आवरण काचपेपरने खरवडून कोरड्या फडक्याने पुसावे. आतून गोंद असलेल्या, उष्णतेने आकसणाऱ्या नळ्या तारा जोडण्याआधीच केबलवर सरकवून ठेवाव्यात. ही गोष्ट नवखा माणूस हमखास विसरतो आणि जोड पुन्हा तोडावा लागतो.

तारा पिळून भागत नाही. तारेच्या मापाची नळी, म्हणजे फेरूल, घालून ती क्रिंपिंगच्या हत्याराने दाबावी. पकडीने ठोकू नये. नंतर जोर लावून ओढून पाहावे. तांबे आणि अॅल्युमिनियम एकमेकांना थेट जोडू नयेत. ओल लागली की अॅल्युमिनियम खाल्ले जाते. त्यासाठी दोन धातूंचा वेगळा कनेक्टर मिळतो. तिन्ही तारांचे जोड एकासमोर एक न घेता थोडे पुढेमागे घ्यावेत. मग प्रत्येक तारेवर एकेक नळी मधून कडेकडे तापवत न्यावी. टोकातून गोंद डोकावला की नळी बसली असे समजावे. शेवटी सर्वांवर मिळून एक मोठी नळी घ्यावी. ती दोन्हीकडे बाहेरच्या आवरणावर चार-पाच सेंटीमीटर तरी चढली पाहिजे.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांत पाण्यातल्या पंपाचा जोड करताना एकजीव होणारी रबरी टेपही वापरता येते. ती ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत गुंडाळावी आणि वरून साधी टेप संरक्षणासाठी घ्यावी. पत्र्याचे चिलखत असलेल्या केबलला साच्यात रेझिन ओतून जोड करतात. तिथे दोन्ही बाजूंचे चिलखत तांब्याच्या तारेने जोडायला विसरू नये, नाहीतर पुढचे अर्थिंग तुटते.

जोड झाला की तो पुरण्याआधी तपासावा. केबलची दोन्ही टोके मोकळी व कोरडी ठेवून जोड रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवावा. सकाळी ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक तार आणि पाणी यांच्यामध्ये मोजावे. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर जोड नापास. चांगला नवा जोड याच्या कितीतरी पट आकडा दाखवतो. बादलीत गळणारा जोड बोअरमध्ये गळणारच.

पुरताना खोली पुरेशी हवी. भारतीय मानक क्रमांक १२५५ कमी दाबाच्या केबलसाठी ७५ सेंटीमीटर, म्हणजे अडीच फूट खोली सांगते. खाली-वर वाळू, त्यावर विटा, आणि जोडाजवळ केबलची थोडी ढील ठेवावी. जागा भिंतीवर खूण करून ठेवावी, म्हणजे पुढे कुणाची कुदळ तिथे पडणार नाही.

एवढी खटपट कशाला, असे कुणी म्हणेल. घारापुरी बेटावर २०१८ च्या फेब्रुवारीत वीज पोहोचली ती समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल नेऊन. खाऱ्या पाण्याखालून वीज नेता येते, तर आपल्या अंगणात ती सुरक्षित का राहू नये?

आपली बरीच मुले ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून राबतात. "टेप मार, चालतंय" असे त्यांना सांगितले जाते. कधी मेन चालू असतानाच खड्ड्यात उतरवले जाते. अशा वेळी नाही म्हणावे. रोज बुडाला तर दुसरा मिळतो. आणि काम शिकायचेच असेल तर ते नीट शिकावे. सातपूरच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थांत इलेक्ट्रिशियन, वायरमन हे ट्रेड असतात. दोन वर्षे लागतात, पण पुढे परवाना मिळवून स्वतःच्या सहीने काम करता येते.

घरातील माता-भगिनींनी दोनच गोष्टी कराव्यात. परवाना असलेल्या वायरमनलाच बोलवावे आणि जोड पुरण्याआधी बादलीची परीक्षा आपल्यासमोर करायला लावावी. १४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला आवारात टाकलेल्या रोषणाईच्या वायरी पावसाआधी उतरवून ठेवाव्यात. मीटरच्या अलीकडची केबल महावितरणची असते. तिला हात न लावता १९१२ वर कळवावे. कुणाला शॉक बसलाच तर त्याला धरू नये. आधी मेन बंद करावा आणि १०८ ला फोन करावा.

आमच्या गल्लीतल्या त्या घरी आता अखंड केबल आहे आणि बोर्डात आरसीसीबी आहे. मुलगी रोज त्याच फाटकातून शाळेला जाते. आपल्याही अंगणातला जोड यंदा पावसाआधी उकरून पाहावा.