हातोड्यापायी लग्न

देवावर हसणे आणि देवाला न मानणे या दोन्ही गोष्टी एकच, असे धरून चालणाऱ्याची ग्रीक आणि नॉर्स पुराणकथा वाचताना चांगलीच पंचाईत होते. ज्यांनी या देवांना यज्ञ केले आणि संकटात त्यांचा धावा केला, त्यांनीच त्यांची यथेच्छ फजितीही रंगवली आहे, आणि ती रंगवताना हात मुळीच आखडता घेतलेला नाही.

नॉर्स म्हणजे ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या स्कँडिनेव्हियाच्या परंपरेत थॉर हा मेघगर्जनेचा देव असून, जोटुन या राक्षसकुळाची डोकी फोडणारा म्योल्निर नावाचा हातोडा हे त्याचे आयुध आहे. ‘थ्रिम्स्क्विदा’ या काव्यात हा हातोडाच एके दिवशी चोरीला जातो. चोर थ्रिम हा जोटुनांचा राजा असून, हातोडा जमिनीत खोल पुरून ठेवल्याची कबुली तो निर्लज्जपणे देतो आणि परतीच्या बदल्यात सौंदर्यदेवता फ्रेया बायको म्हणून मागतो. देवांचे धोरण पाहण्याजोगे आहे: थॉर आणि लोकी हा कारस्थानी देव थेट फ्रेयाकडे जाऊन तिला नवरीचा साज चढवायला सांगतात, त्यावर ती अशी संतापते की तिच्या गळ्यातला सुप्रसिद्ध हारच तुटून पडतो. मग हेमडाल हा देवांचा पहारेकरी तोडगा सुचवतो की, थॉरलाच नवरी करून पाठवावे. इतर देव आपल्याला बायल्या म्हणतील, ही थॉरची एकमेव हरकत. पण हातोडा परत आला नाही तर देवनगरी अस्गार्ड राक्षसांच्या घशात जाईल असे लोकी सुनावतो, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा, छातीवर दागिने व तोंडावर घुंगट अशा थाटात वरात निघते. पाठराखीण अर्थात लोकी. (लोकपरंपरेतल्या सैरंध्रीवेषातील भीमाची आठवण मराठी वाचकाला येथे झाल्यावाचून राहणार नाही, मात्र भीमाला निदान मेजवानीला बसावे लागले नव्हते.)

कवीची खरी करामत या मेजवानीतच दिसते. नवरी एक अख्खा बैल, आठ सॅमन मासे आणि बायकांसाठी वेगळी काढलेली सारी पक्वान्ने फस्त करते, वर मीड म्हणजे मधापासून केलेल्या मद्याची तीन पिंपे रिचवते. असे जेवण करणारी नवरी आपण पाहिली नाही, असे थ्रिम चकित होऊन म्हणतो, तेव्हा लग्नाच्या ओढीने बाईसाहेबांनी आठ रात्री अन्नाला स्पर्श केलेला नाही, असा खुलासा पाठराखीण करते. थ्रिम चुंबनासाठी घुंगट किंचित उचलतो आणि आतले जळजळीत डोळे पाहून दालनाच्या दुसऱ्या टोकाला उडी मारतो; त्यावर त्या आठ रात्री झोपही झालेली नाही, हे उत्तर तयारच असते. शेवटी वधूला पावन करण्यासाठी हातोडा आणून तिच्या मांडीवर ठेवला जातो, आणि पुढे काय झाले असेल ते सांगायला कवीची गरज नाही. आहेर मागायला आलेली राक्षसाची वृद्ध बहीणही त्यातून सुटत नाही.

हे काव्य ज्या आइसलँडिक हस्तलिखितात टिकले ते तेराव्या शतकातील आहे, तर आइसलँड इ.स. 1000 च्या सुमारास ख्रिस्ती झाले होते. त्यामुळे अशी टवाळी श्रद्धा संपल्यावरच कोणाला सुचली असेल, असे काही अभ्यासक मानतात. काव्य उशिराचे असेलही, पण त्यासाठी दिलेले हे कारण लंगडे आहे, कारण अथेन्सचा पुरावा नेमका उलटा आहे.

होमरच्या ‘ओडिसी’त प्रेमदेवता अफ्रोदिती आणि युद्धदेव आरिस यांना तिचा लोहार नवरा हेफेस्टस पलंगावर जाळ्यात पकडतो, आणि जमलेले देव पोट धरधरून हसतात, हे प्रसिद्धच आहे. अथेन्सचा विनोदी नाटककार अरिस्टोफेनिस याचे ‘बेडूक’ हे नाटक त्याहून धीट. ते इ.स.पू. 405 मध्ये लेनाया या उत्सवात झाले, आणि हा उत्सव मद्य व नाट्याचा देव डायोनायसस याचाच होता. नुकत्याच वारलेल्या युरिपिडीस या नाटककाराला परत आणण्यासाठी हा देव हेराक्लिस या महावीराचे सिंहचर्म केशरी झग्यावर पांघरून पाताळात जातो, वाटेत राक्षसीच्या भयाने प्रेक्षकांत बसलेल्या स्वतःच्याच पुजाऱ्याला वाचवण्याची विनवणी करतो, आणि पुढे गुलामाबरोबर वारंवार कपडे बदलतो. या दोघांत देव कोण, हे ठरवण्यासाठी द्वारपाल दोघांनाही आळीपाळीने फटके मारतो, कारण खऱ्या देवाला वेदना होणार नाहीत. दोघेही कळवळतात, दोघेही कळ लपवण्यासाठी भलतेच काही बरळतात, आणि बिचाऱ्या द्वारपालाला काहीच उमगत नाही. याच नाटकात एल्युसिस येथील गुप्त विधींची दीक्षा घेतलेल्यांचा वृंद देवतांची स्तोत्रे गातो, आणि त्यात थट्टेबरोबर खरी भक्तीही आहे.

देवांच्या हसण्याला आणि भानगडींना कवितेतून हद्दपार करू पाहणारा प्लेटो पुढे आला, पण हे मत तत्त्वज्ञाचे होते, नगराचे नव्हे. नगराने ‘बेडूक’ला पहिले पारितोषिक दिले आणि पुन्हा प्रयोगाचा दुर्मीळ मानही दिला, आणि त्याच नगराने अवघ्या सहा वर्षांनी, इ.स.पू. 399 मध्ये, नगराचे देव मानत नाही या आरोपासह सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला.