साठीनंतरचा दिवा

मराठी मुलखात इंग्रजी पद्धतीचे जलरंग आले ते कारकुनी कामाला. 1790च्या दशकात पुण्याचे रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी गंगाराम तांबट वेरूळची लेणी कागदावर उतरवत होते. साहेबाला देवळांची, किल्ल्यांची नोंद हवी होती. रंगाची पेटी घोड्यावरून नेता येते आणि कागद लवकर वाळतो, एवढ्यावरच या माध्यमाचं मोल ठरलं. 1857 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं, तरी दिवाणखान्यात मान राहिला तो तेलरंगाचाच. जलरंग म्हणजे कच्चा खर्डा, ही समजूत काही हटली नाही.

ती खोटी ठरवणाऱ्यांत सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (1882–1968) मला सगळ्यांत मोठे वाटतात. जे. जे.मध्ये शिकून त्यांनी 1908 मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. पुढे 1918 मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेतही ते होते. तेलरंगावर त्यांचा हात उत्तम बसला होता. म्हणजे जलरंग धरले ते नाइलाजाने नव्हे.

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ पाहावं. हातात दिवा घेतलेली तरुणी. समोर बसवली होती स्वतःची मुलगी. ज्योतीवर आडोसा धरलेल्या तिच्या बोटांमधून उजेड आरपार येतो, कडा लालसर होतात, तोच उजेड खालून चेहऱ्यावर चढतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, तिथे पांढरं म्हणजे राखलेला कोरा कागद. त्यामुळे ज्योत कुठे असणार हे पहिला हात मारण्याआधीच ठरवायचं आणि भोवतीचा काळोख चढवताना तेवढी जागा जपायची. गडद हात ओला असताना वेगळा दिसतो, वाळला की फिका पडतो. फार थर दिले तर रंग मळतो, खरवडायला जावं तर कागदाचा पोत जातो. तेलरंगात चूक वरून झाकता येते, इथे ती सोय जवळपास नाहीच. असा विषय जलरंगात घेणं म्हणजे आ बैल मुझे मार! हळदणकरांनी तो घेतला 1945च्या सुमारास, साठी उलटल्यावर. यात दैवी स्पर्श वगैरे शोधू नये. चाळीस वर्षांची बैठक होती ती.

आणि त्याचं फळ काय? हे चित्र आजही सर्रास राजा रविवर्म्याच्या नावावर खपतं. रविवर्मा 1906 मध्येच गेले, हे कुणी तपासतही नाही.

रविवर्म्यांना त्यांच्या वाट्याचं पुष्कळ मिळालं आहे. कॅलेंडरं, दिवाळी अंक आणि भेटकार्डं छापणाऱ्यांनी निदान एवढं करावं: हे चित्र छापताना खाली ‘सा. ल. हळदणकर, जलरंग’ असं ठळक लिहावं.