खात्यातली सगळी शिल्लक आपली नसते



पगार जमा झाला की मोबाइलवर आकडा दिसतो आणि घरात बेत सुरू होतात. मुलाला बूट, छपराला नवा पत्रा, गावच्या लग्नात आहेर. पण त्या आकड्यातील बरेचसे पैसे आपण आधीच कुणाला तरी देऊ केलेले असतात. खात्यात दिसतात म्हणून ते आपले होत नाहीत.

समजा, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यात १४,२०० रुपये आहेत. कर्जाचा हप्ता ३,५०० जायचा आहे. विजेचे बिल १,१५०. शाळेला दिलेला ४,००० चा धनादेश अजून वटलेला नाही. महिनाअखेर विम्याचे ४५६ कापले जातील. बेरीज ९,१०६. म्हणजे हाती खरे उरले ५,०९४. जो १४,२०० धरून खर्च करतो त्याचा हप्ता परत जातो. मग दंड बँकही लावते आणि कर्ज देणारी संस्थाही लावते.

त्यातला विम्याचा आकडा लहान म्हणून विसरू नका. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता १ जून २०२२ पासून ४३६ रुपये आहे आणि सुरक्षा विम्याचा २० रुपये. दोन्ही दरवर्षी मे अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. त्या दिवशी खाते रिकामे असेल तर विमा बंद पडतो. पुढे घरातील कर्ता माणूस गेला तर जीवनज्योतीचे दोन लाख मिळत नाहीत. ४३६ रुपये शिल्लक न ठेवल्याने केवढे नुकसान!

कचेरीत आम्ही कारकून मंडळी दर महिन्याला रोकडवही आणि बँकेचा उतारा समोरासमोर ठेवून ताळमेळ घालतो. घरीही तेच करावे. वहीत जमेल. घरात संगणक असेल तर ‘ग्नूकॅश’ नावाचा हिशेबाचा प्रोग्राम फुकट मिळतो. शिकणाऱ्या मुलीला वा मुलाला हे काम सोपवा.

त्यात नेहमीची देणी एकदाच भरायची : रक्कम किती, तारीख कोणती, दर महिन्याला की तीन महिन्यांनी की वर्षातून एकदा, आणि किती दिवस आधी नोंद व्हावी. प्रोग्राम उघडला की जवळ आलेली देणी तो समोर ठेवतो. पुढच्या तारखांच्या नोंदी धरून शिल्लक कमीत कमी किती खाली जाईल, हेही दाखवतो. खर्चाचा बेत करताना पाहायचा आकडा हाच. मात्र आठवड्यातून एकदा तो उघडलाच पाहिजे. न उघडलेली वही कुणालाही आठवण करून देत नाही.

दिलेला धनादेश त्याच दिवशी लिहावा आणि बँकेच्या उताऱ्यात दिसल्यावरच त्यापुढे खूण करावी. खूण नसलेली प्रत्येक नोंद म्हणजे अजून जायचे पैसे. धनादेश तीन महिने चालतो, म्हणून तितके दिवस ते पैसे बाजूला ठेवा.

मोबाइलवरून पाठवलेले पैसे कधी मध्येच अडकतात. आपल्या खात्यातून गेले, पण नातेवाइकाला मिळाले नाहीत. अशी नोंद वेगळी लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेले असतील तर मुदत पाच दिवसांची. त्यापुढे उशीर झाल्यास दिवसामागे १०० रुपये भरपाई मिळते. तारीख आणि व्यवहार क्रमांक लिहिलेला असेल तर बँकेत ठामपणे बोलता येते.

एक सावधगिरी. वर सांगितलेल्या हिशेबाला बँकेचा पासवर्ड, पिन किंवा ओटीपी कशाचीही गरज नाही. जो मागेल त्याला देऊ नका.

येत्या रविवारी नवरा-बायकोने मिळून बसावे. पासबुकावर वर्षभराचा उतारा छापून आणावा आणि आपोआप कापली जाणारी प्रत्येक रक्कम लाल पेनाने टिपावी. एखादी अशीही सापडेल की जिची आता गरजच उरलेली नाही. ती बँकेत अर्ज देऊन बंद करा. बाकीच्यांची यादी भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवा. आहेर किती करायचा, ते त्यानंतर ठरवा.