कचेरी घरीं आल्यावर

गेल्या कांहीं वर्षांत "कामावर जाणें" ह्या शब्दांचा अर्थच पालटूं लागला आहे. २०२० च्या मार्च महिन्यांत कोविडच्या सांथीमुळें टाळेबंदी झाली, मुंबईच्या लोकल गाड्या थांबल्या, आणि असंख्य कारकून, हिशेबनीस व संगणकतज्ज्ञ घरीं बसून काम करूं लागले. तेव्हांपासून सुशिक्षित वर्गांत एक मत प्रबळ झालें आहे, कीं यापुढें कचेरीची गरजच नाहीं, आणि जो धनी आपल्या माणसांस कचेरींत बोलावतो तो जुन्या काळांतला होय. हें मत आम्हांस अर्धेंच खरें वाटतें.

घरीं काम करणें ही वास्तविक नवी गोष्ट नव्हे. कोष्ट्याचा माग घरांतच असे. १८५४ सालीं कावसजी दावर ह्यांनीं मुंबईंत गिरणी स्थापिली आणि पुढें परळ-लालबागच्या चाळी भोंग्याच्या तालावर जागूं लागल्या. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. लोअर परळ येथें त्यांच्या जागेवर कांचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि २०२० सालीं त्याहि ओस पडल्या. यंत्र माणसांस एका ठिकाणाहून उठवून दुसरीकडे बसवितें, हें तर चालावयाचेंच. ह्या हलण्याचा खर्च कोणाच्या माथीं पडतो, हें मात्र कोणीतरी विचारलें पाहिजे.

लाभ खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शांघाय येथील सी-ट्रिप ह्या प्रवाससंस्थेनें २०१० च्या अखेरीस एक प्रयोग केला. घरून काम करण्यास राजी असलेल्या नोकरांपैकीं ज्यांची जन्मतारीख सम होती, त्यांस आठवड्यांतील चार दिवस घरून काम दिलें. त्यांचें काम शेंकडा १३ नीं वाढलें, आणि नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. येथवर सर्वजण सांगतात. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाहीं. प्रयोग संपल्यावर मोकळीक देतांच घरीं बसलेल्यांपैकीं सुमारें निम्मे कचेरींत परतले; कारण विचारतां एकटेपणा सोसवत नाहीं असें पुष्कळांनीं सांगितलें. शिवाय काम चांगलें करूनहि त्यांस बढती त्या मानानें कमी मिळाली होती. डोळ्यांआड असलेल्या माणसाची आठवण धन्यास राहत नाहीं, हें शांघायांतहि खरें आणि आपल्याकडेहि.

दुसरें असें कीं, घर म्हणजे कोणाचें घर? २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें मुंबईंतील निम्म्याहून अधिक कुटुंबें एकाच खोलींत राहत होतीं. टाळेबंदींत आम्हीं मोबाइलवर वर्ग घेतले, तेव्हां एक हुशार विद्यार्थी नेहमीं जिन्यावर बसलेला दिसे. आंत वडील कामाच्या फोनवर, आई स्वयंपाकांत, धाकटी बहीण तापानें निजलेली. धन्यानें कचेरीचें भाडें वांचविलें, तें त्या मुलाच्या बसण्याच्या जागेंतून वांचविलें.

आणि डबेवाले! १८९० पासून चालत आलेला हा व्यवसाय. टाळेबंदीपूर्वीं सुमारें पांच हजार माणसें रोज सुमारें दोन लाख डबे पोंचवीत. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर ह्या भागांतलीं हीं माणसें २०२० सालीं गांवीं परतलीं. कचेऱ्या उघडल्यावरहि पुष्कळजण पुन्हां आले नाहींत. आठवड्यांतून दोन-तीन दिवसच कचेरींत जाणारा मनुष्य महिन्याचा डबा कशाला लावील?

मोठमोठ्या संस्थांचाहि विचार निश्चित नाहीं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें २०२० सालीं जाहीर केलें, कीं २०२५ पर्यंत एका वेळीं पाव हिस्सा नोकरच कचेरींत असतील. २०२३ च्या शरदांत त्याच संस्थेनें आपल्या माणसांस आठवड्याचे पांचहि दिवस बोलाविलें. आमच्या मतें मधला मार्गच शहाणपणाचा. सी-ट्रिपच्याच दुसऱ्या प्रयोगांत, जो २०२४ सालीं प्रसिद्ध झाला, आठवड्यांतून दोन दिवस घरून काम दिल्यानें राजीनामे तृतीयांशानें घटले आणि काम मुळींच खालावलें नाहीं. मात्र नव्यानें लागलेल्या तरुणांनीं पहिलीं एकदोन वर्षें अनुभवी माणसांच्या शेजारीं बसलेंच पाहिजे, आणि घरून काम घेणाऱ्या धन्यानें खुर्ची, दिवा व वीज यांचा खर्च द्यावा.

हेंच आम्हीं नाताळाच्या सुटींत भेटावयास आलेल्या एका माजी विद्यार्थ्यास सांगितलें. त्याची नोकरी २०२१ सालीं लागली. वर्षभर त्यानें आपल्या वरिष्ठाचें तोंडहि प्रत्यक्ष पाहिलें नव्हतें. "कोणाला विचारावें हेंच कळत नसे, सर," असें तो स्वतःच म्हणाला. आतां त्यास तीन दिवस बोलाविलें आहे, आणि घरीं वडील अंथरुणास खिळलेले. जा, शिकून घे, असें आम्हीं म्हणालों. तो नम्रपणें हंसला व म्हणाला, "सर, आपली शाळा घरापासून पांच मिनिटांवर आहे. बदलापूरहून सकाळची गाडी पकडण्यास आपण एकदां माझ्याबरोबर यावें."

येत्या सुटींत जाण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.