दहा बाय दहा

रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटली की पुणे-नगर रस्त्यावर माणसांचा लोंढा उसळतो आणि थोड्याच वेळात आसपासच्या खोल्यांच्या रांगांमध्ये जिरून जातो. कांद्याच्या भावाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा खोल्या काढलेल्या परवडतात, हे शिरूर तालुक्यातल्या अनेक शेतकऱ्यांनी केव्हाच ओळखलं. दौंडकडे कुरकुंभच्या कारखान्यांपायी तीच गत. खोलीचं माप विचारावं लागत नाही. दहा बाय दहा, म्हणजे 100 चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहण्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे 102 चौरस फूट हवी. सरकारी घरकुलसुद्धा स्वयंपाकाच्या जागेसकट किमान 25 चौरस मीटरचं असतं. इथे मात्र नियमालाही दोन फूट कमी पडणाऱ्या खोलीत गॅस पेटतो, पोरगी दहावीचा अभ्यास करते आणि गावाकडून पाहुणाही मुक्कामाला येतो.

अशी खोली मोठी वाटावी म्हणून पहिला सल्ला मिळतो तो रंगाचा. भिंती गडद आणि छत पांढरं ठेवलं की छत उंच भासतं, असं पेंटर छातीठोकपणे सांगतो. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2010 साली हे तपासून पाहिलं. छत फिकट असेल तर खोली उंच वाटते, हे खरं निघालं. पण भिंती फिकट असतील तर ती आणखी उंच वाटते. गडद-फिकट विरोधाचा काही उपयोग दिसला नाही. थोडक्यात, सगळीकडे साधा चुना मारणारे आजोबा बरोबर होते.

पण रंगानं जागा वाढत नाही, आणि जागा खाते ती लग्नातली कॉट. सहा बाय सव्वासहाची डबल कॉट साडेसदतीस चौरस फूट गिळते. खोलीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग तिथेच संपला. शेजारी लोखंडी कपाट. ते जेवढी जागा अडवतं, जवळपास तेवढीच त्याची दारं उघडायला पुढे मोकळी सोडावी लागते. बरेचदा ते नेमकं खिडकीला टेकलेलं असतं. कोरड्या, उष्ण हवामानात खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश असाव्यात, असं तीच संहिता म्हणते. इथे चार बाय अडीचची खिडकी असूनही भर दुपारी ट्यूबलाइट चालू! सासऱ्यांनी ऐपतीबाहेर जाऊन दिलेल्या वस्तू, त्यामुळे विकायचं नाव काढायची सोय नसते. फर्निचरच्या दुकानात प्लायवूड कोणतं, हप्ता किती, सगळी चौकशी होते. खोली केवढी आहे, हे ना गिऱ्हाईक सांगतं, ना दुकानदार विचारतो.

या पट्ट्यातल्या जुन्या धाब्याच्या घरांत कॉट नव्हतीच. रात्री वाकळ अंथरायची, सकाळी वळकटी करून कोपऱ्यात उभी करायची. दिवसभर जमीन मोकळी. हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींत कोनाडे आणि फडताळं, कपड्यांना दांडी, टोपीला खुंटी, धान्याला उतरंड. जमिनीवर पाय टेकवणारी वस्तू जवळपास नाहीच. उगाच गोडवे गायचं कारण नाही, त्या घरांत अंधार असायचा आणि पावसाळ्यात छत गळायचं. तरी जागेचा हिशोब त्यांना कळत होता.

आताच्या चार-सहा इंची भिंतीत कोनाडा कोरता येत नाही. मग उरते वरची जागा. दाराच्या उंचीवर भिंतीच्या कडेनं फूटभर रुंदीची फळी फिरवली, तर डबे, बॅगा, पाहुण्यांची अंथरुणं तिथे जातात आणि पायाखाली काही येत नाही. दौंडच्या जुन्या रेल्वे क्वार्टरांत राहिलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको. तिथली छतं उंच. पत्र्याच्या खोलीत मात्र वर ठेवलेलं तेल-तूप उन्हाळ्यात तापतं, तेव्हा तिथे कपडेच बरे.

आरशाचं गणित पाहायचं तर कुठल्याही सलूनमध्ये जावं. आठ बाय दहाचा गाळा, दोन खुर्च्या, बाकड्यावर चार जण पेपर वाचत बसलेले, तरी कोंडल्यासारखं वाटत नाही, कारण समोरासमोर आरसे आहेत. घरात तो खिडकीसमोर लावावा. भांड्यांच्या ढिगासमोर लावला तर ढीग दुप्पट दिसतो.

राहता राहिला दारामागचा कोपरा. अडीच फुटी दार आत उघडतं तेव्हा जवळजवळ पाच चौरस फूट जागा अडकून पडते. वेल्डिंगवाला ते सरकतं करून देतो. पण त्याला घरमालक तयार हवा, आणि बहुतेक मालक भिंतीत साधा खिळाही ठोकू देत नाहीत. त्यावर भाडेकरूंनी तोड काढली आहे. आठवडे बाजारात मिळणारे वाकडे हूक दाराच्या वरच्या कडेला अडकवायचे आणि दप्तर, छत्री, कंपनीची बॅग, सगळं दाराच्याच पाठीवर टांगायचं. खोली सोडताना हूक काढून पिशवीत.