वाळवणाची लाज कशाला?

मोठ्या शहरांतील दुकानांत अलीकडे चकचकीत पाकिटांतून स्ट्रॉबेरी, आंबा, मटार मिळू लागले आहेत. हाताला कापसासारखे हलके, तोंडात टाकताच विरघळणारे. ‘फ्रीझ-ड्राय’ या नावाने ते ओळखले जातात. वसतिगृहातील मुलामुलींना पौष्टिक म्हणून ते पाठवावेत काय, असे काही पालक विचारतात. इतिहासाच्या शिक्षकाने आहारावर लिहावे याचे नवल वाटेल. परंतु आपल्या समाजाचा इतिहास स्वयंपाकघरातूनही गेलेला आहे.

या पद्धतीत पदार्थ आधी गोठवतात आणि निर्वात पेटीत त्यातील बर्फाचे पाणी होऊ न देता थेट वाफ करतात. उष्णता कमी लागत असल्याने क जीवनसत्त्वही बरेचसे टिकते. अँडीज पर्वतातील शेतकरी रात्रीची गोठवणारी थंडी आणि दिवसाचे ऊन यांच्या आधारे बटाटे असेच सुकवीत आले आहेत. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने हेच तंत्र सैनिकांच्या शिध्यासाठी वापरले. तेव्हा हे शास्त्र खोटे नाही. मात्र प्रथिने, लोह आणि कॅल्शियम साध्या वाळवणानेही उडून जात नाहीत. त्यांच्यासाठी पाकिटाला पैसे मोजणे म्हणजे यंत्राच्या विजेचे आणि वेष्टनाचे पैसे भरणे होय.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांत हरभऱ्याची भाजी, मोहफुले, तलावातील बारीक मासळी वाळवून ठेवण्याची रीत जुनी आहे. काट्यांसकट खाल्ली जाणारी वाळकी मासळी कॅल्शियम देते. शेवग्याचा पाला कडक उन्हाऐवजी सावलीत वाळवला तर अ जीवनसत्त्व देणारे द्रव्य अधिक टिकते. मोहफुलांची ओळख मात्र आपण दारूपुरतीच करून ठेवली आहे.

हे सारे ताटातून का गेले? शिकलेल्या घरांत वाळवणाचा वास गरिबीचा वाटू लागला, आणि आपल्या समाजात त्याला आणखी एक जखम जोडलेली होती. मेलेल्या जनावराच्या मांसाच्या चान्या उन्हात घालणे ही वाडवडिलांवर लादलेली अवस्था होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले आणि लोकांनी ते मानले. तो नकार लाचारीला होता, अन्न साठवण्याच्या कौशल्याला नव्हता. हा भेद आपण विसरलो. चान्यांबरोबर सुकटही गेली, पाल्याची भुकटीही गेली आणि त्यांच्या जागी बिस्किटे व नूडल्स आली. स्वाभिमानाच्या नावाखाली झालेला हा बदल मुलांच्या शरीराला मुळीच मानवलेला नाही, असे माझे मत आहे.

तरीही वाळवणाची भलावण आंधळेपणाने करता येणार नाही. उन्हात क जीवनसत्त्व आणि फोलेट मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. आपल्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या शरीरात तांबड्या पेशी लवकर तुटतात, नव्या सतत घडवाव्या लागतात, आणि त्यासाठी फोलेट हवे. अशा मुलांना ताजी पालेभाजी आणि डॉक्टरांनी दिलेली फॉलिक आम्लाची गोळी यांना पर्याय नाही. वाळवणही नाही आणि महागडे पाकीटही नाही. लोहाची गोळीसुद्धा रक्त तपासल्याशिवाय त्यांना देऊ नये. अशक्तपणा दिसला की लोह, हा समज येथे घातक ठरू शकतो.

वसतिगृहाच्या भोजन समितीपुढे माझी सूचना अशी आहे. थंडीत शेवग्याचा व हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून हवाबंद डब्यांत भरावा आणि उन्हाळ्यात वरणात घालावा. सोबत लिंबाची फोड किंवा आवळा असावा. त्यातील क जीवनसत्त्वामुळे पाल्यातील लोह अंगी लागते. खाऊच्या पाकिटांसाठी पालक जे पैसे पाठवतात, त्यातून आठवडी बाजारातील ताजी भाजी घ्यावी आणि पहिली वाढ सिकलसेलच्या मुलांच्या ताटात पडावी.