रविवारी विच्छेदनकक्ष उघडा असावा

विद्यालयाच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहाव्यात, असा प्रघात आहे. आम्ही आठवण एकच सांगणार आहोत आणि उरलेली जागा एका मागणीसाठी वापरणार आहोत. आम्ही म्हणजे या वसतिगृहातून बाहेर पडून आरोग्यसेवेत शिरलेली मंडळी. आमच्यात परिचारिका आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, क्ष-किरण तंत्रज्ञ आहेत, अस्थिरोग विभागात प्लास्टर घालणारे आहेत आणि दोघे-तिघे डॉक्टरही आहेत.

आठवण सायंकाळच्या वंदनेनंतरची. भन्तेजी आम्हांला शरीराच्या भागांची यादी म्हणायला लावीत. महासतिपट्ठान सुत्तात ती ३१ भागांची आहे आणि खुद्दकपाठात मेंदू मिळवून ३२ होते. आम्हांला ते पाठांतर कंटाळवाणे वाटे. परंतु त्या सुत्तातील एक दृष्टांत मात्र मनात रुतून बसला. दोन्हीकडे तोंड असलेल्या पिशवीत साळी, मूग, तीळ, तांदूळ असे नाना प्रकारचे धान्य भरले आहे. चांगली दृष्टी असलेला माणूस ती पिशवी सोडतो आणि हे साळीचे, हे मुगाचे, हे तिळाचे, असे एकेक दाणे ओळखतो. शरीराकडेही असेच पाहावे, असे भन्तेजी सांगत. त्या शिकवणीचा हेतू आसक्ती सुटावी हा होता, वैद्यक शिकवणे हा नव्हता, हे आम्ही जाणतो. तरीही घृणा न बाळगता शरीर उघडून पाहण्याचे आणि प्रत्येक भागाला त्याच्या नावाने ओळखण्याचे धैर्य आम्हांला प्रथम मिळाले ते तेथेच.

पुढे शिक्षणात काय झाले? शरीररचनाशास्त्र आमच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला पहिल्या वर्षी आले आणि पहिल्या वर्षीच संपले. परिचारिकांनी ते तक्त्यांवरून व प्लास्टिकच्या प्रतिकृतींवरून शिकले. काहींना विच्छेदनकक्ष दुरून एकदा दाखवला गेला. तेव्हा रुग्ण पाहिलेला नव्हता. त्यामुळे कोणती नस कोठून जाते हे परीक्षेपुरते पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरले. प्रश्न खरे पडू लागले ते नोकरीत. पण तोवर कक्षाचे दार आमच्यासाठी बंद झालेले होते.

आमच्यातील एकीने सांगितलेला प्रसंग असा. एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन ग्रामीण रुग्णालयात आली. तापासाठी कोठेतरी नितंबात इंजेक्शन दिले होते आणि तेव्हापासून मुलाचे पाऊल लुळे पडले होते. सुई सायटिक नसेच्या वाटेत गेली होती. आमची भगिनी म्हणाली, “त्या दिवशी मला दोष देणाऱ्याचा राग आला नाही, भीती वाटली. वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशात सुई द्यायची, हा नियम मीही पाळते. पण सुईच्या टोकाखाली काय आहे, हे मी तरी कोठे पाहिले आहे?”

क्लिनिकल अ‍ॅनाटॉमी म्हणजे या प्रश्नाचे उत्तर. ती हाडांची व स्नायूंची नुसती नामावली नव्हे. रुग्णाच्या खाटेशी उभे राहून केलेले शरीररचनेचे वाचन आहे. तान्ह्या बाळाची लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात का द्यायची, हे ती सांगते. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून जाणारी नस हाड मोडताना दुखावली की मनगट का लोंबते, हे सांगते. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूस, फिब्युलाच्या मानेवरून एक नस त्वचेच्या अगदी जवळून जाते. प्लास्टर तेथे घट्ट बसले तर हाड जुळेल, पण रुग्ण पाऊल ओढत घरी जाईल. प्लास्टर घालणाऱ्या माणसाने ती नस एकदा डोळ्यांनी पाहिली आणि बोटाने चाचपली, तर त्या जागी कापूस घालायला तो जन्मभर विसरणार नाही. सी.टी. स्कॅनमधील आडवे काप रोज हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला शरीर तसे आडवे कापलेले पाहायला मिळाले, तर पडद्यावरची करडी वर्तुळे त्याला अवयव म्हणून दिसू लागतील.

या ज्ञानाचा आणि आमच्या समाजाचा संबंध जुना व कडवट आहे. १८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेज निघाले. १८३६ मध्ये तेथे पंडित मधुसूदन गुप्त यांनी प्रेताला शस्त्र लावले, ही घटना आधुनिक भारतीय वैद्यकाच्या इतिहासात धाडस म्हणून नोंदली गेली. कारण उच्चवर्णीयाने प्रेताला हात लावणे हाच तेव्हा विटाळ होता. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. धाडसाचा हा गौरव योग्यच आहे. परंतु त्याच काळात गावोगाव मेलेली जनावरे ओढणे, मर्तिकाचा सांगावा पोहोचवणे ही कामे ज्यांच्यावर लादलेली होती, त्यांच्या हाताला कोणी धाडसी म्हटले नाही. आजही अनेक शवागारांत प्रेत प्रत्यक्ष उघडणारा हात चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याचा असतो आणि अहवालावरची सही दुसऱ्याची असते. त्या कर्मचाऱ्याला यकृत कोठे व प्लीहा कोठे हे अचूक ठाऊक असते. त्या ज्ञानाला नाव नसते आणि प्रमाणपत्र तर नसतेच.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची सोय झाली. देहदानाची चळवळ वाढली हे खरे; पण बेवारस देह बहुधा गरिबाचाच असतो. फुटपाथवर, रेल्वे फलाटावर मेलेल्या माणसाच्या देहावर पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर शिकले. मग त्याच वस्तीतून वर आलेल्या परिचारिकेला त्या देहापाशी उभे राहून शिकता येऊ नये, हा कोणता न्याय?

दार पूर्णपणे बंद आहे असे कोणी म्हणणार नाही. एम.बी.बी.एस. झालेल्यास शरीररचनाशास्त्रात तीन वर्षांची एम.डी. करता येते. वैद्यकीय महाविद्यालयांतून एम.एस्सी.ही चालते. परंतु हे अभ्यासक्रम पूर्णवेळ आहेत आणि मुख्यतः अध्यापक घडवण्यासाठी आहेत. आमच्यापैकी बहुतेक जण घरातील पहिले पगारदार. धाकट्या भावाची फी, बहिणीचे लग्न, आईचे औषध आणि घराचा हप्ता त्याच पगारातून निघतो. अशा माणसाने तीन वर्षे नोकरी सोडावी, असे सांगणे म्हणजे शिकू नकोस, हेच सभ्य भाषेत सांगणे होय.

ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षणाची रचना पायऱ्यापायऱ्यांची आहे: ६० श्रेयांकांचे प्रमाणपत्र, १२० ची पदविका आणि १८० ची पदव्युत्तर पदवी. नोकरी करणारा एक पायरी चढून थांबू शकतो आणि सवडीने पुढची चढू शकतो. तेथील काही विद्यापीठे शरीररचनाशास्त्रही याच रीतीने अर्धवेळ शिकवतात. आमची मागणी हीच आहे. महाराष्ट्रात आरोग्यसेवकांसाठी क्लिनिकल अ‍ॅनाटॉमीचे अर्धवेळ पदव्युत्तर प्रमाणपत्र सुरू व्हावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी व्याख्यान, तेही घरबसल्या ऐकता येईल असे. आणि महिन्यातून एक-दोन रविवारी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विच्छेदनकक्षात प्रत्यक्ष काम. ज्याला ज्या अंगाची गरज, त्याने ते अंग आधी शिकावे.

आक्षेप आम्ही ऐकले आहेत. मृतदेह आधीच अपुरे आहेत, हा पहिला. तो खरा आहे. पण आम्ही नवे देह मागत नाही. अध्यापकांनी आधीच विच्छेदन करून जतन केलेल्या नमुन्यांवर अनेक तुकड्यांना शिकता येते. संगणकावरील त्रिमितीय चित्रे पुरेशी आहेत, हा दुसरा. ती उपयुक्त आहेत, पण त्यांतील शरीर एकाच आदर्श साच्याचे असते. प्रत्यक्षात एकाची धमनी जेथे फुटते तेथे दुसऱ्याची फुटत नाही, हे खऱ्या देहाशिवाय पटत नाही. अर्धवेळ शिक्षण कच्चे असते, हा तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत जास्त लागतो. परीक्षा तितकीच कडक ठेवा. सवलत आम्हांला वेळेची हवी आहे, गुणांची नको. दिवसभर रुग्ण हाताळून संध्याकाळी पुस्तक उघडणारा विद्यार्थी प्रश्न बरोबर घेऊनच येतो.

आणि कष्टकऱ्याच्या वेळेला शाळा जुळवून घेणे, ही तर आपलीच परंपरा आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरदार तरुणांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. त्या सकाळच्या वर्गांत बसून कितीतरी कारकून पदवीधर झाले. आज नाशिक या एकाच शहरात १९८९ पासूनचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे आणि १९९८ पासूनचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही आहे. एकाला नोकरदारांना शिकवण्याचा अनुभव आहे, दुसऱ्याकडे विच्छेदनकक्ष असलेली महाविद्यालये आहेत. दोघांनी एका मेजावर बसावे, इतकीच अपेक्षा आहे.

मागणाऱ्याने काही द्यायलाही हवे. आमच्यापैकी काहींनी देहदानाचे अर्ज भरले आहेत. अर्ज भरला तरी अखेर देह सुपूर्द करायचा तो घरच्यांनीच. म्हणून आम्ही आपापल्या घरी हा विषय मोकळेपणाने काढला आहे. विद्यालयाने माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यासाठी एक तास ठेवावा आणि असा अभ्यासक्रम सुरू झाल्यास पहिल्या दोन विद्यार्थ्यांची फी आमच्या वर्गणीतून भरावी, असा प्रस्ताव आम्ही येथे ठेवीत आहोत.

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा येते. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले आणि मग संघाला आजाऱ्याची सेवा करण्यास सांगितले. त्या उपदेशाबरोबरच चांगला शुश्रूषक कोण, याची लक्षणेही त्यांनी सांगितली. औषध तयार करता येणे आणि पथ्य-अपथ्य समजणे, ही त्यांत आहेत. म्हणजे करुणेला जाणतेपणाची जोड त्यांनीच दिली. आमच्या हातांना या विद्यालयाने करुणा शिकवली. आता त्या हातांना त्वचेखाली काय आहे हे कळावे, म्हणून रविवारी ते कुलूप कोणीतरी उघडावे.